जी६पीडीची शंका आणि व्हायव्हॅक्स पॉझिटिव्ह: प्रायमाक्विन थांबवू की देऊ?

उपकेंद्र_पेठ

नमस्कार मंडळी. पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. केस अशी आहे.

पुरुष, वय २४, वजन ५२ किलो. भिवंडीला बांधकामावर होता, आठ दिवसांपूर्वी गावी आला. दिवसाआड हुडहुडी भरून ताप. आरडीटीवर (मलेरियाची झटपट चाचणी) व्हायव्हॅक्स मलेरियाची रेघ आली, काचपट्टीतही (सूक्ष्मदर्शकाखालची रक्ततपासणी) व्हायव्हॅक्सच. हिमोग्लोबिन ११.४. उलट्या नाहीत, शुद्ध व्यवस्थित, लघवी साफ. क्लोरोक्वीनच्या ४ गोळ्या काल दिल्या.

प्रायमाक्विनची (मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून द्यायच्या गोळ्यांची) पट्टी हातात द्यायच्या आधी त्याची आई म्हणाली, "याच्या मामाला थंडीतापाच्या गोळ्या सोसल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली, डोळे पिवळे पडले, नाशिकला नेऊन दोन बाटल्या रक्त भरलं." हा मुलगाही जन्मल्यावर काविळीमुळे निळ्या दिव्याच्या पेटीत होता. जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची) चाचणी घरात कुणाचीच झालेली नाही आणि आमच्याकडे ती होत नाही.

क्लोरोक्वीन चालू ठेवू ना? प्रायमाक्विन किती दिवस थांबवलं तर चालतं? नमुना नाशिकला पाठवायचा तर कशात आणि कधी घ्यायचा? रिपोर्ट कमी आला तर पुढे काय? आणखी एक अडचण म्हणजे तीन आठवड्यांनी तो द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीकडे जाणार आहे.

ओपीडी_दुपारची (फिजिशियन, नाशिक)

ताई, आईचं ते बोलणं केसपेपरवर लाल पेनाने लिहून ठेवा. वडिलांकडच्या काकाबद्दल कुणी असं सांगितलं असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. मामाबद्दल सांगितलं म्हणून घेतोय. जी६पीडीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. मामाला कमतरता असेल तर ती त्याच्या आईकडून, म्हणजे तुमच्या पेशंटच्या आजीकडून आलेली. आजी वाहक असेल तर तिची लेक, म्हणजे पेशंटची आई, वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि आई वाहक असेल तर मुलाला कमतरता असण्याची पुन्हा निम्मी. कागदावर चारात एक. त्यात जन्मतःची कावीळ धरली की शंका बरीच पक्की होते. "घरात कुणाला हा आजार आहे का" असं विचारलं तर कुणीच हो म्हणत नाही, कारण आजाराचं नावच कुणाला माहीत नसतं. "मामाला, आईच्या मामाला किंवा मावसभावाला गोळ्यांनी कधी लघवी काळी झाली होती का" असं विचारायचं.

क्लोरोक्वीन बिनधास्त पूर्ण करा. काल ४, आज ४, उद्या २ गोळ्या. एका गोळीत बेस (मूळ औषध) १५० मिलिग्रॅम, म्हणजे तीन दिवसांत १५०० मिलिग्रॅम. नेहमीच्या डोसात क्लोरोक्वीनने या लोकांच्या पेशी फुटत नाहीत. पॅरासिटामॉलही चालेल. जुन्या याद्यांमध्ये क्लोरोक्वीनचं नाव घातलेलं दिसतं, त्या याद्या फेकून द्या.

प्रायमाक्विन आज देऊ नका. त्याचं काम यकृतात झोपलेल्या परोपजीवींना मारायचं आहे, चालू ताप उतरवायचं काम क्लोरोक्वीन करतं. त्यामुळे प्रायमाक्विनची घाई कधीच नसते. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागले तर काही बिघडत नाही. महिना-दोन महिने गेले आणि मधेच ताप उलटला, तर पुन्हा काचपट्टी, पुन्हा क्लोरोक्वीन, आणि प्रायमाक्विनचा निर्णय त्याच वेळी.

हे औषध या पेशींना का सोसत नाही ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत. ऑक्सिडेशनच्या माऱ्यातून सावरायला तिला एनएडीपीएच (पेशीतला एक मदतनीस रेणू) लागतं आणि ते बनवायचा तिच्याकडे एकच रस्ता आहे. त्या रस्त्याची पहिली पायरी म्हणजे जी६पीडी. पायरीच डळमळीत असेल तर वापरलं गेलेलं ग्लुटाथायोन (पेशीचं संरक्षक द्रव्य) पुन्हा ताजं होत नाही. प्रायमाक्विनपासून शरीरात जे घटक बनतात ते नेमका हाच मारा करतात. मग हिमोग्लोबिनचे गोळे होऊन पेशीच्या भिंतीला चिकटतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. प्लीहा तेवढा लचका तोडते. स्मिअरमध्ये कडेला चावा घेतल्यासारख्या पेशी दिसतात त्या याच. हे विकर पेशी तयार होताना जेवढं मिळतं तेवढंच, नंतर नवं बनत नाही. म्हणून जितकी पेशी म्हातारी तितकी ती आधी फुटते. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या, चाचणी वाचताना आणि आठवड्याचा डोस ठरवताना तोच कामाला येतो.

जांभळं_झाकण (पॅथॉलॉजी लॅब)

नमुन्याबद्दल मी सांगते.

ईडीटीएची नळी, म्हणजे सीबीसीला वापरता तीच जांभळ्या झाकणाची. २ ते ३ मिली रक्त, आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, जोरात हलवू नका. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे लसीच्या फ्रिजचंच तापमान, पण नमुना लसींच्या शेजारी ठेवू नका. गोठवायचा अजिबात नाही. पाठवताना नळी बर्फाच्या पॅकला थेट टेकली की त्या बाजूचं रक्त गोठतं आणि पेशी फुटतात. मधे कापसाचा किंवा वर्तमानपत्राचा जाड थर द्या. दुपारच्या एसटीच्या टपावर डबा ठेवून पाठवलेले नमुने सीबीसीला एक वेळ चालतील, विकराच्या मोजणीला नाही. सकाळी घेतलेला नमुना त्याच दिवशी लॅबला पोचेल असं बघा.

आता चाचणी कोणती मागायची. फॉर्मवर नुसतं "जी६पीडी" लिहिलंत तर काही ठिकाणी क्वालिटेटिव्ह करून देतात. त्यात दोन पद्धती आहेत. एकीत थेंबभर रक्त अभिकर्मकात मिसळून ठराविक वेळाने फिल्टर पेपरवर ठिपके देतात आणि लांब तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली बघतात. एनएडीपीएच चमकतं, एनएडीपी चमकत नाही. ठिपका चमकला तर नॉर्मल, अंधारच राहिला तर कमतरता. दुसरीत निळ्या रंगद्रव्याचा रंग ठरलेल्या वेळात उडतो की नाही ते बघतात. पुरुषात हे पुरेसं आहे, कारण पुरुषाला एकच एक्स, म्हणून तो सहसा या टोकाला असतो नाहीतर त्या.

स्त्रियांमध्ये घोटाळा होतो. वाहक स्त्रीच्या निम्म्या पेशी चांगल्या, निम्म्या कमकुवत असू शकतात. ठिपका चमकतो, रिपोर्टवर "नॉर्मल" छापलं जातं, आणि प्रत्यक्षात तिची पातळी ४० टक्के असते. म्हणून स्त्रीसाठी नेहमी क्वांटिटेटिव्ह मागा. ती स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३४० नॅनोमीटरला मोजतात आणि उत्तर हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममागे इतकी युनिट असं येतं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. एकाने ३० अंशांवर मोजलं आणि दुसऱ्याने ३७ वर, तर आकडे वेगळेच येणार. त्याच लॅबच्या निरोगी पुरुषांच्या मध्याशी टक्केवारी काढून घ्या. ३० टक्क्यांच्या खाली कमतरता, ३० ते ७० मधली पातळी, ७० च्या वर नॉर्मल. बोटातल्या थेंबावर दोन-चार मिनिटांत आकडा देणारं हातात मावणारं यंत्रही आहे. त्याच्या ठरलेल्या रेषेप्रमाणे ४.० किंवा खाली म्हणजे कमतरता, ४.१ ते ६.० मधली, ६.१ पासून नॉर्मल. या रेषा त्या यंत्रापुरत्याच, दुसऱ्या किटला लावू नका.

आता कधी घ्यायचा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पेशी फुटण्याचा झटका चालू असताना किंवा नुकताच होऊन गेला असताना म्हाताऱ्या, कमी विकराच्या पेशी आधीच गेलेल्या असतात. नळीत उरतात त्या तरुण पेशी आणि रेटिक्युलोसाइट (नुकत्याच बनलेल्या तांबड्या पेशी), ज्यांच्यात विकर जास्त. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि कमतरता लपते. रक्त भरल्यावरही तेच, तेव्हा तुम्ही दात्याचं जी६पीडी मोजत असता. अशा पेशंटची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तुमच्या पेशंटची लघवी साफ आहे, हिमोग्लोबिन ११.४ आहे, तर नमुना आत्ताच घेतला तरी चालेल, फक्त सोबत रेटिक काउंट मागा. कमी आलेला आकडा केव्हाही खरा धरा. नॉर्मल आलेल्या आकड्याला मात्र रेटिक किती आहे ते विचारा.

जाता जाता, तुमच्या भागात सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी बऱ्याच जणांची झालेली असते. "आमची रक्ताची तपासणी झाली आहे, काही नाही निघालं" असं लोक सांगतात तेव्हा ती ही असते. तिच्यातून जी६पीडीबद्दल काहीही कळत नाही. आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

काचपट्टी_जुना (हिवताप विभाग, निवृत्त)

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण दुसरी बाजू मांडली नाही तर वाचणारे उद्यापासून सगळ्यांचंच प्रायमाक्विन बंद करतील.

राष्ट्रीय कार्यक्रमात व्हायव्हॅक्सला ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज, १४ दिवस. प्रौढाला १५ मिलिग्रॅम. गरोदर बाई, एक वर्षाच्या आतलं बाळ आणि जी६पीडीची कमतरता, या तिघांना नाही. प्रत्येक पेशंटची आधी चाचणी करायची सोय उपकेंद्रावर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून चाचणी नाही म्हणून औषध नाही, असं धोरण कधीच नव्हतं. व्हायव्हॅक्स उलटत राहतो, दर वेळी पेशंटचं हिमोग्लोबिन खाली जातं आणि डास चावत राहतात तोवर गावात पसरतो. बहुतेक लोकांना हे औषध सोसतं.

मग करायचं काय? मामाचा प्रश्न प्रत्येकाला विचारा. पट्टी देताना लघवीबद्दल सांगा, आणि "काही त्रास झाला तर या" असं मोघम नको. सांगायचं असं: सकाळची पहिली लघवी पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरा आणि उजेडात बघा. फिकट चहासारखी असेल तर पाणी वाढवा आणि दुपारी परत बघा. काळ्या चहासारखी किंवा कोकमासारखी असेल तर त्या दिवसाची गोळी घ्यायची नाही, लगेच केंद्रावर यायचं. डोळे पिवळे, कंबर भरून दुखणं, चार पावलांत धाप, हीसुद्धा तीच खूण. बहुतेक हे दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिसतं, म्हणून आशाताईची भेट तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी ठरवा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी गेलात तर तुम्ही रिकामी पट्टी मोजायला जाताय.

चौथ्या दिवशी ताप नसतो आणि पेशंट पट्टी खिडकीत ठेवून देतो, ती वेगळीच डोकेदुखी. गोळी उपाशीपोटी घेतली की पोटात कळ येते आणि ते निमित्त होतं. जेवणानंतरच द्या.

फॅल्सिपॅरमची (मलेरियाचा दुसरा प्रकार) गोष्ट निराळी. तिथे प्रायमाक्विन एकदाच, दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमात ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे प्रौढाला ४५. ते पेशंटसाठी नाहीच, डासाकडे जाणारे गॅमेटोसाइट मारण्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी ०.२५ चा एकच डोस पुरेसा मानते आणि तेवढ्याला जी६पीडीची चाचणीही लागत नाही म्हणते. मामाची अशी हकिगत असेल तर फॅल्सिपॅरममध्ये ४५ देण्याचा हट्ट धरू नका, डॉक्टरांना विचारा.

गोळ्यांचं_कपाट (फार्मासिस्ट, पंचवटी)

दोन-चार गोष्टी पट्टीच्या मागच्या बाजूच्या.

प्रायमाक्विन २.५, ७.५ आणि १५ अशा ताकदीत मिळतं. हे आकडे बेसचे असतात. काही आयात मालावर फॉस्फेटचा आकडा ठळक छापतात, २६.३ मिलिग्रॅम फॉस्फेट म्हणजे १५ मिलिग्रॅम बेस. क्लोरोक्वीनचंही तसंच, २५० फॉस्फेट म्हणजे १५० बेस. प्रिस्क्रिप्शनवर "बेस" शब्द नसेल तर फोन करून विचारा.

गोळ्या चालू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. रायबोफ्लेव्हिनमुळे लघवी पिवळीधमक होते आणि वरच्या काकांनी सांगितलेली बाटलीची पाहणी निकामी ठरते. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर लघवी आधीच नारिंगी, तिथे बाटलीवर विसंबू नका, स्ट्रिप वापरा. स्ट्रिपवर रक्त पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, म्हणजे पेशी आत शिरांमध्ये फुटल्या आहेत.

प्रायमाक्विनने काही जणांचे ओठ आणि नखं निळसर होतात, ते मेथेमोग्लोबिन. नेहमीच्या पेशंटला कॅज्युअल्टीत त्यावर मेथिलीन ब्लू देतात. जी६पीडी कमी असलेल्याला तेच दिलं तर आगीत तेल. म्हणून कमतरता निघाली की पेशंटच्या कार्डावर "प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, मेथिलीन ब्लू, रासबुरिकेस नको" असं मोठ्या अक्षरात लिहा. डॅप्सोन मुद्दाम घातलं आहे, कुष्ठरोगाच्या एमडीटीत (अनेक औषधांच्या एकत्र उपचारात) ते रोज १०० मिलिग्रॅम असतं.

घरातल्या गोष्टी: कपाटातल्या डांबराच्या गोळ्या (नॅफ्थॅलीन) आणि तान्ह्या बाळाच्या हातापायाला लावलेली मेंदी, दोन्हींनी पेशी फुटतात. आणि वालाबद्दल सारखं विचारतात. त्रास देतो तो बाकला (फावा बीन). आपला वाल आणि वालपापडी वेगळ्या वेलीची. डाळिंब्यांची उसळ बंद करू नका.

उपकेंद्र_पेठ

सगळ्यांचे आभार. नमुना दुसऱ्याच दिवशी सकाळी पाठवला. रिपोर्ट आला: क्वांटिटेटिव्ह १.१, लॅबने दिलेल्या पुरुषांच्या मध्याच्या १२ टक्के. रेटिक नॉर्मल. क्लोरोक्वीन पूर्ण, ताप नाही, हिमोग्लोबिन १०.९. आठवड्याला एक डोस असा काही मार्ग आहे म्हणतात. तो आम्ही द्यायचा का? आणि टॅफेनोक्विन (प्रायमाक्विनच्याच जातीचं औषध) हा पर्याय आहे का?

ओपीडी_दुपारची

टॅफेनोक्विन नाही, त्याचा विचारही नको. त्याला पातळी ७० टक्क्यांच्या वर लागते. का लागते ते बघा. प्रायमाक्विनचं अर्धायुष्य पाच-सहा तासांचं. लघवी काळी दिसली, गोळी थांबवली, की दुसऱ्या दिवशी औषध जवळजवळ संपलेलं असतं. टॅफेनोक्विनचं अर्धायुष्य दोन आठवड्यांच्या आसपास. एकदा पोटात गेलं की परत घेता येत नाही.

आठवड्याचा डोस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेत कमतरता असलेल्यांना ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो, आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली. गंमत अशी की एकूण औषध जास्तच जातं. रोजच्या १४ दिवसांत ३.५ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि यात ६. तरी हे जास्त सुरक्षित, कारण पहिल्या डोसला म्हाताऱ्या पेशी फुटतात, मग सहा दिवस मज्जेला नव्या पेशी बनवायला मिळतात आणि पुढच्या डोसला समोर तरुण पेशी जास्त असतात. खरी परीक्षा पहिल्या डोसची.

पण १२ टक्क्यांच्या माणसाला हे उपकेंद्रावर सुरू करू नका. भारतात प्रामुख्याने तीन प्रकार सापडतात. ओडिशा नावाचा प्रकार आदिवासी समाजांत जास्त आणि तुलनेने सौम्य. मेडिटरेनियन बराच तीव्र, त्यात तरुण पेशींनाही पुरेसं विकर नसतं, त्यामुळे "म्हाताऱ्या फुटल्या की थांबेल" हा हिशेब तिथे चुकतो. तिसरा केरळ-कल्याण, त्यातलं कल्याण हे आपलं मुंबईजवळचंच. नुसत्या टक्केवारीवरून प्रकार ओळखता येत नाही. मामाला रक्त भरावं लागलं होतं, तेव्हा सौम्य धरून चालू नका.

म्हणून क्रम असा. आधी हिमोग्लोबिन सावरू द्या. मलेरियानेही ते उतरतं आणि दोन्ही एकात एक मिसळले की काय कशाने झालं ते कळत नाही. मग ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या निर्णयाने पहिला डोस, जिथून रक्त मागवता येईल अशा जागी. त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी हिमोग्लोबिन, त्यानंतर प्रत्येक डोसच्या आधी एकदा. २ ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं किंवा लघवी काळी झाली तर पुढचा डोस नाही. ७ च्या खाली आलं आणि धाप असेल तर रक्त. पाणी भरपूर, क्रिएटिनिन बघायचं, कारण फुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला इजा करतं. पावसात सावळघाटात गाडी अडकण्याचे दिवस असतील तर डोस पुढे ढकला, तो ढकलता येतो.

आणि दुसरा मार्गही प्रामाणिकपणे त्याच्यापुढे ठेवा: प्रायमाक्विन न देता लक्ष ठेवायचं, ताप आला की काचपट्टी आणि क्लोरोक्वीन. तो परत भिवंडीला जाणार असेल तर नवा संसर्गही होऊ शकतो, मग आठ आठवड्यांची जोखीम कशासाठी? माझा कल हाच मार्ग आधी धरायचा. वर्षभरात एकदा-दोनदा उलटलं तर आठवड्याचा डोस, तेव्हा तो सलग गावात राहू शकेल त्या महिन्यांत.

काचपट्टी_जुना

इथे मी वेगळं म्हणेन. आदिवासी पट्ट्यात दोनदा उलटेपर्यंत थांबायचं म्हणजे आधीच १०-११ हिमोग्लोबिनच्या माणसाला आणखी खाली न्यायचं. पण पहिला डोस रुग्णालयात, याबद्दल वाद नाही. दिंडोरीला गेला तरी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कार्डासह कळवता येतं. डोसचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवा. बाजाराला माणूस येतोच, आणि पुढची तारीख पाठ करायला लागत नाही.

गोळ्यांचं_कपाट

५२ गुणिले ०.७५ म्हणजे ३९ मिलिग्रॅम. ७.५ च्या ५ गोळ्या, ३७.५ होतात, तेवढं चालतं. पण आठ आठवड्यांच्या ४० गोळ्या एकदम हातात देऊ नका. पट्टीवर "५ गोळ्या" वाचून कुणी रोज पाच घेतल्या तर काय होईल ते सांगायला नको. एका वेळी एकच डोस, समोर गिळवून. उरलेल्या गोळ्या रुग्णालयात.

उपकेंद्र_पेठ

डॉक्टरांशी बोलून सध्या लक्ष ठेवण्याचं ठरलंय, कार्ड बनवलं. शेवटचा प्रश्न. घरचे त्याचं लग्न त्याच मामाच्या मुलीशी ठरवत आहेत. मला विचारलं, काही धोका आहे का?

जांभळं_झाकण

लग्न मोडायचं कारण नाही, पण गणित समजून घ्या. मामाचीही चाचणी करून घ्या. त्याला रक्त भरून बराच काळ लोटला असेल तर आता खरा आकडा येईल. मामाला कमतरता निघाली तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असणारच, कारण बापाचा एकुलता एक्स तिलाच मिळतो. ते ठरवायला तिची चाचणी लागत नाही. तरीही तिची क्वांटिटेटिव्ह करा, पण वेगळ्या कारणासाठी. तिचा आकडा २५ टक्केही येऊ शकतो आणि ९० टक्केही. तो आकडा तिला कोणतं औषध चालेल ते सांगतो, ती वाहक आहे की नाही ते नाही. ९० आला म्हणून "तिला काही नाही" असं कुणी म्हणू नये.

दोघांच्या मुलांमध्ये: मुलगे निम्मे कमतरतेचे, निम्मे चांगले. मुलींमध्ये निम्म्या वाहक आणि निम्म्या दोन्ही एक्स कमकुवत असलेल्या, म्हणजे मुलासारख्याच पूर्ण कमतरतेच्या. नात्याबाहेर लग्न झालं तर सहसा त्याच्या मुली फक्त वाहक राहतात आणि मुलगे सुटतात. फरक एवढाच. नात्यातच लग्न झालं तर बाळंतपण रुग्णालयात, नाळेच्या रक्तातून जी६पीडी पाठवायचं, आणि पहिले पाच-सहा दिवस बाळाचा रंग सूर्यप्रकाशात, कपाळ दाबून बघायचा. बारशाला मेंदी नको, हे आजीला आत्ताच सांगून ठेवा.